तुम्ही घरीच असता ना!

"तुम्ही घरीच असता ना, मग तुम्हीच बघा की जरा त्या कामाकडे!"

२०२५ च्या मार्चमध्ये आमच्या सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी हे वाक्य अगदी सहज टाकलं आणि ४२ लाखांचं बांधकाम माझ्या पदरात येऊन पडलं. मैत्रिणींनो, मी बी. ए. झालेय, तेही मराठी घेऊन. सिमेंटशी माझा संबंध तुळशीवृंदावनाची चीर बुजवण्याइतकाच. गेली पंधरा वर्षं घर सांभाळून शेजारच्या वस्तीत बचत गटांचं काम करते. त्यामुळे हिशेब लिहायची आणि चार माणसांशी भांडायची सवय तेवढी होती. पुढे कळलं, की अर्धं काम याच दोन गोष्टींवर होतं. (उरलेलं अर्धं आमच्या इंजिनिअर काकांनी केलं. त्यांच्याबद्दल येईलच पुढे.)

सुरुवात झाली ती भीतीतून. त्या वर्षीच्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आजूबाजूला जीबीएसचे रुग्ण सापडले होते, आठवत असेल तुम्हाला. हातापायांतली ताकदच जाते, काहींना तर व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. संशय पाण्यावर होता. आमची सोसायटी त्या भागातली नाही, शहराच्या दुसऱ्या कडेला आहे. पण व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर घबराट पसरायला कितीसा वेळ लागतो! आमच्याकडे पिण्यापुरतं नळाचं पाणी येतं, वापरायला बोअर आणि उन्हाळा लागला की टँकर. कुणीतरी म्हणालं, बोअरचं पाणी एकदा तपासून तरी घ्या. सोसायटीला चौदा वर्षं झाली होती आणि तोवर ते पाणी एकदाही प्रयोगशाळेत गेलेलं नव्हतं.

अहवाल आला. पाण्याचा जडपणा लिटरला ६८० मिलिग्रॅम. हे आम्हा बायकांना अहवालाशिवायही माहीत होतं. नळाला पाणी नसेल त्या दिवशी तूरडाळ शिजता शिजत नाही, गीझरची कॉइल दर दोन वर्षांनी जाते, केसांचा काथ्या होतो. नवीन होतं ते त्याखालचं. नायट्रेट ७२; पिण्याच्या पाण्यात ते ४५ च्या वर असू नये असं मानक आहे. आणि शेवटच्या ओळीत 'ई. कोलाय: आढळले'. म्हणजे सरळ मराठीत, पाण्यात मैला मिसळत होता.

"उकळून घेऊ की त्यात काय!" बी विंगमधल्या काकू म्हणाल्या. उकळून जंतू मरतात हे खरं. नायट्रेट मात्र उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. तान्ह्या बाळांना ते फार बाधतं. रक्त प्राणवायू नीट वाहून नेऊ शकत नाही आणि बाळ निळसर पडतं. आमच्याकडे तेव्हा सहा महिन्यांच्या आतली तीन बाळं होती. एरवी सभेला वीस माणसं येतात, त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या.

मैला येतो कुठून, हे इंजिनिअर काकांनी सांगितलं. काका सी विंगमध्ये राहतात, जीवन प्राधिकरणातून निवृत्त झालेत. त्यांनी मला खाली नेलं आणि बोअरपासून पार्किंगखालच्या सांडपाण्याच्या टाकीपर्यंत पावलं मोजायला लावली. बावीस भरली.

"अगं, तुमचा बोअर आणि तुमचा संडास शेजारी शेजारी नांदताहेत," ते म्हणाले.

आपला हा सगळा मुलूख काळ्या कातळाचा. वाळूसारखं पाणी गाळून घ्यायचा गुण कातळात नाही. वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांतून पाणी चालतं. भेग लागली की ते चाळणीतून नाही, पाइपातून आल्यासारखंच येतं. बोअरला वरचे वीस-पंचवीस फूट लोखंडी पाइप असतो, त्याच्या बाजूची फट नीट भरलेली नसली की वरची घाण त्या पाइपाला धरून खाली उतरते. आमची तशीच होती. आणि टाकी? बिल्डरने कागदावर मैलाशुद्धीकरण केंद्र दिलं होतं. त्याचा हवेचा पंप पहिल्याच वर्षी जळला, तो कुणी बदलला नाही. पुढची तेरा वर्षं १२० घरांचा मैला त्या टाकीत येत होता, थोडा तिच्या चिरांमधून जमिनीत मुरत होता आणि बाकीचा मागच्या नाल्यात जात होता.

तो नाला पुढे कुठे जातो, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी बचत गटाची बैठक घेते ती वस्ती त्याच नाल्याच्या काठावर आहे. तिथल्या हातपंपावर बायका भांडी घासतात. "ताई, वास लई येतोय ओ," असं त्या किती वर्षं म्हणत होत्या आणि मी आरोग्य खात्याला अर्ज लिहून देत होते. तो वास आमच्याच घरांचा होता, हे मला त्या दिवशी बावीस पावलं मोजल्यावर कळलं. लाज वाटली, दुसरं काय!

आता काय करायचं, यावर चार सभा झाल्या. दोन वर्षांपूर्वी मागवलेली दरपत्रकं फाइलमध्ये पडून होती, ती बाहेर निघाली. "टँकर परवडतो त्यापेक्षा," असा एक सूर होताच. तेव्हा काकांनी फळ्यावर एक साधा हिशेब मांडला. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं ४५ लिटर नुसतं फ्लशमध्ये जातं. आपण साधारण ४८० माणसं. म्हणजे रोज २१ हजार ६०० लिटर, दहा हजार लिटरचे दोन टँकर भरून पाणी आपण विकत घेऊन संडासात ओततो. सांडपाणी शुद्ध करून तेच फ्लशला फिरवलं तर रोजचे दोन टँकर वाचतात. हा हिशेब मात्र सगळ्यांना पटला. बाळांपेक्षा टँकर जास्त पटला असं म्हणणं कटू होईल, पण मी सभेत होते.

ठरलं असं: नवीन ६० हजार लिटरचं मैलाशुद्धीकरण केंद्र, जुनी टाकी बंद, टाकीजवळचा बोअर वापरातून बाद. गेटजवळच्या दुसऱ्या बोअरच्या पाइपाची फट सिमेंटने बुजवायची, त्याच्या पाण्याला वाळूचा फिल्टर, क्लोरिन आणि जडपणा घालवणारं सॉफ्टनर बसवायचं. ते पाणीही वापरापुरतंच. फ्लशसाठी सगळ्या इमारतींना वेगळी पाइपलाइन. घरटी ३५ हजार. परवानग्यांमागे कोण किती फिरलं ते सांगत बसत नाही, तुम्ही सगळ्यांनी सरकारी कचेऱ्या पाहिल्या आहेत.

काकांचं वय ७४, गुडघे दुखतात. त्यांनी सांगितलं, "मी वरून बघीन, खाली उभं राहायला कुणीतरी पाहिजे." म्हणून तो सेक्रेटरींचा सल्ला! सोसायटीत घरी असणारे निवृत्त पुरुष चांगले अकरा आहेत. पण 'घरीच असता' हे फक्त बायकांना म्हणतात.

मी एक दोनशे पानी वही आणली. घरात लग्न निघालं की आपण करतो तशी. पहिल्या पानावर काकांनी एकच गोष्ट लिहून दिली, पैसे कधी द्यायचे. काम सुरू होताना दहा टक्के. त्यानंतर तारखेवर नाही, टप्प्यावर. तळ झाला की इतके, भिंती झाल्या की इतके, टाकी पाणी भरून तपासली की इतके. आणि शेवटचे दहा टक्के वर्षभर केंद्र चालवून पाहिल्यावर. "तुझ्या हातात दुसरं हत्यार नाही," काका म्हणाले. "काँक्रीट तुला कळणार नाही, पण हे कळेल." खरंच, कंत्राटदार माझ्याशी नीट बोलायला लागले ते पहिल्या बिलानंतर. तोवर ते माझ्याशी बोलताना माझ्या मागे कुणी उभं आहे का ते बघायचे.

काँक्रीटही हळूहळू कळलं म्हणा. एप्रिलमध्ये खड्डा झाला, सळया बांधल्या गेल्या. सळई मातीला किंवा फळीला टेकता कामा नये, मध्ये सिमेंटच्या छोट्या वड्या ठेवतात, त्या मी मोजत हिंडायचे. मुकादम हसायचा. "ताई, सांडगे मोजताय का?" मोजले आणि एका भिंतीत नव्हते. तळ आणि भिंत यांच्या सांध्यात रबरासारखी एक लांब पट्टी बसवतात, पाणी झिरपू नये म्हणून. ती दुमडली गेली तर आयुष्यभर टाकी तिथून गळणार. भिंतीचं काँक्रीट पडायच्या आदल्या दिवशी मी आणि काकांनी टॉर्च घेऊन ती पट्टी सगळीकडून पाहिली. काका शिडीवर, मी खाली!

भिंतीच्या दिवशी काँक्रीटची गाडी वाहतुकीत अडकून दोन तास उशिरा आली. माल घट्ट झालेला. ड्रायव्हरने सरळ नळी लावली आणि ड्रममध्ये पाणी सोडायला लागला. हे मात्र मला आपल्या स्वयंपाकघरातल्या अनुभवाने कळत होतं. आळलेल्या पिठल्यात पाणी घातलं की ते ओतता येतं, पण ते पिठलं राहत नाही. मी नळी काढायला लावली. काकांना फोन केला, त्यांनी गाडी परत पाठवायला सांगितली. कंत्राटदार चिडले. "मॅडम, एक गाडी म्हणजे काय वाटलं तुम्हाला?" माझे हात थरथरत होते खरे, पण वही हातात होती. गाडी परत गेली, दुसरी संध्याकाळी आली आणि रात्री साडेदहापर्यंत काम चाललं. मुलीने घरी वरण-भात लावला. नवऱ्याने खाली चहा आणून दिला सगळ्यांना, हे नोंदवून ठेवते. तारीख होती १४ मे.

त्यानंतर पाणी मारणं. भिंतींना गोणपाट गुंडाळून ते सतत ओलं ठेवायचं. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सहा. कामगार विसरत होते, मी गॅलरीतून ओरडत होते. या कामासाठी आणि पुढे टाकी भरून बघायला महापालिकेच्या शुद्धीकरण केंद्रातलं प्रक्रिया केलेलं पाणी टँकरने मिळतं, ते आम्ही घेतलं. पिण्याचं पाणी भिंतीवर ओतणं जिवावर आलं असतं.

आणि मग पाऊस! २०२५ चा मे महिना तुम्ही विसरला नसाल. आंब्याच्या दिवसांत रोज धो धो पाऊस, आणि २६ मेला तर मॉन्सूनच पुण्यात येऊन थडकला. आमचा खड्डा उघडा, त्यात रिकामी टाकी, बाजूचा भराव अजून टाकलेला नाही. त्या रात्री अकरा वाजता काकांचा फोन आला. "खड्ड्यात पाणी किती आहे बघ." मी छत्री घेऊन खाली गेले. टाकीच्या बाहेर कमरेएवढं पाणी.

"पंप बाहेरच्या गटारात सोडलाय ना त्यांनी? पाइप काढ आणि टाकीत सोड," काका म्हणाले.

मला वाटलं झोपेत आहेत! टाकीत पाणी येऊ नये म्हणून महिनाभर जीव काढला, आता टाकीत कशाला? ते म्हणाले, "बादलीत रिकामा डबा बुडव, काय होतं?" डबा वर येतो. टाकीचंही तसंच होतं. एवढी काँक्रीटची टाकी, पण बाजूला भूजल साठलं आणि आत ती रिकामी असली की ती उचलली जाते, तिरकी होते, पाइप तुटतात, तळ फुटतो. आत पाणी असलं की ती जागेवर बसून राहते. भिंतींना बारा दिवस झाले होते, त्यामुळे निम्मी टाकी भरली तर चालणार होती. वॉचमन, मुकादम आणि मी, तिघांनी मिळून पाइप फिरवला. पहाटे तीनपर्यंत खड्ड्यातलं पाणी कमी होत गेलं आणि टाकीतलं वाढत गेलं. जमिनीखालचं पाणी इतकं बलवान असतं हे मला त्या रात्री कळलं. तोवर मी त्याला फक्त 'बोअरला आलं, बोअरचं गेलं' एवढंच ओळखत होते.

सकाळी कंत्राटदार म्हणाले, "आता लगेच भराव टाकून घेऊ, पुन्हा भानगड नको." सगळ्यांना पटलं, मलाही पटलं होतं. काकांनी वहीतला टप्पा दाखवला. भराव चाचणीनंतर. बाजूची माती भरली की भिंत दिसत नाही, मग गळती शोधणार कशी? म्हणून आम्ही पंप चालू ठेवला, खड्डा उघडा ठेवला. जूनमध्ये गाळ काढून टाकी धुतली आणि चाचणीसाठी भरली. पहिले सात दिवस नुसतं भरून ठेवायचं, कारण नवं काँक्रीट पाणी पितं. पुढचे सात दिवस रोज त्याच वेळेला पातळी मोजायची. टाकीच्या कडेला मी घरचा निळा टबही पाणी भरून ठेवला होता. उन्हाने जेवढं पाणी टबातून उडेल तेवढं टाकीतून, पाऊस पडेल तेवढा दोन्हीत. टबापेक्षा जे जास्त कमी होईल ती गळती. आठवड्याने एका कप्प्यात ५५ मिलिमीटर जास्त गेलेलं निघालं. बाहेरून पाहिलं तर एका पाइपाशेजारी भिंत ओली. तो पाइप काँक्रीट ओततानाच बसवायचा होता, यांनी नंतर भिंत फोडून घातला होता. दुरुस्ती त्यांच्याच खर्चाने झाली आणि चाचणी पुन्हा पहिल्यापासून. भराव आधी टाकला असता तर नवी टाकीसुद्धा तीच जुनी गोष्ट करत बसली असती, जमिनीखाली, कुणाला न दिसता.

माझी चूक सांगते आता. फ्लशच्या नव्या पाइपलाइनमध्ये एक धोका असतो. प्लंबरने कुठे चुकून ती साध्या नळाला जोडली, तर शुद्ध केलेलं का होईना, पण सांडपाणीच बेसिनमध्ये येणार. म्हणून प्रत्येक जोड डोळ्यांनी पाहायचा असं ठरलं होतं. १२० घरांत मी फिरले. नंतर टाकीत निळा खाण्याचा रंग टाकला. सगळ्या फ्लशमध्ये निळं पाणी आलं पाहिजे आणि एकाही नळाला येता कामा नये. पोरांना काय मजा वाटली! घराघरांतून "आमच्याकडे आलं, आमच्याकडे आलं" ओरडत होती. आणि सातव्या मजल्यावरच्या एका आजींचा फोन आला, "बाई गं, माझ्या बेसिनला पण आलंय की." वही उघडली. त्या घरापुढे बरोबरची खूण होती. मी केलेली. दुपारचे चार वाजले होते, मी दमले होते, प्लंबर "झालंय मॅडम" म्हणाला आणि मी दारातूनच खूण केली. आजींची सून तेव्हा बाळंतपणाहून नुकती आलेली होती. रंग टाकला नसता तर? तो विचार अजूनही कधी कधी येतो. ती लाइन त्याच दिवशी तोडली आणि मी पुन्हा १२० घरं फिरले, या वेळी प्रत्येक ठिकाणी स्टुलावर चढून.

ऑगस्टमध्ये केंद्र सुरू झालं. हा भाग माझ्या सगळ्यात आवडीचा. कारण इथे इंजिनिअरिंग कमी आणि विरजण जास्त! आधी जाळी, तिथे चिंध्या आणि नको त्या वस्तू अडकतात. (सॅनिटरी पॅड फ्लशमध्ये टाकू नका, हे किती वेळा सांगायचं?) मग एक टाकी, जिथे सकाळच्या गर्दीचं पाणी साठतं आणि दिवसभर सारखं पुढे जातं. मग मुख्य टाकी. तिच्यात प्लॅस्टिकची हजारो छोटी जाळीदार चक्रं सोडलेली असतात आणि खालून हवा सोडतात. त्या चक्रांवर जिवाणू वस्ती करतात आणि घाण खातात. पण ते आणायचे कुठून? दुसऱ्या चालू केंद्रातला गाळ आणून टाकतात. आम्ही टँकरभर आणला. पहिला आठवडा काहीच नाही, नुसता पांढरा फेस आणि वास. काका म्हणाले, "थंडीत दही लागायला वेळ लागतो ना? थांब." तिसऱ्या आठवड्यात चक्रांवर तपकिरी साय धरली आणि पाणी निवळलं. मैलाच्या टाकीकडे बघून कुणाला आनंद होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. पुढे निवळण्याची टाकी, क्लोरिन, वाळू आणि कोळशाचे फिल्टर, आणि मग ते पाणी फ्लशला. सगळ्या घरांत मी एक कागद वाटला: संडासात अॅसिड ओतू नका, विरजण मरतं.

राहता राहिली जुनी टाकी. ती उपसायची, धुवायची आणि मुरूम भरून कायमची बंद करायची. कामातलं हे सगळ्यात छोटं कलम. गणपती उठल्यावर सोमवारी, ८ सप्टेंबरला, मी सकाळी नऊ वाजता खाली गेले तर झाकण उघडलेलं आणि एक पोरगा कमरेला दोरी बांधून, तोंडाला रुमाल लावून कडेला बसलेला. पाय आत सोडलेले. असेल एकोणीस-वीस वर्षांचा. पाणी पंपाने काढलं होतं, तळाचा गाळ त्याने घमेल्याने काढायचा होता.

"वर ये," मी म्हटलं. तो हसला. "हो जाएगा दीदी, दस मिनट का काम है."

माझ्या आवाजावर माझा ताबा राहिला नाही. मी त्याचा दंडच धरला. मुकादम धावत आला. "ताई, दोरी बांधलीय की, आम्ही नेहमी असंच करतो." वास येतोय का, मी त्याला विचारलं. म्हणाला, मघाशी सडक्या अंड्यासारखा होता, आता गेलाय. हेच काकांनी मला सांगून ठेवलं होतं. मैलाच्या गाळातून येणारा तो वायू थोडा असतो तेव्हा वास येतो, वाढला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. आत पाऊल टाकलं की माणूस दोन श्वासांत कोसळतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. पेपरात बातम्या येतात त्या अशाच असतात, एका टाकीत दोन, तीन.

कायद्यानेही माणसाला असं उतरवता येत नाही, २०१३ पासून. कुणी मेलं तर घरच्यांना ३० लाख द्यावेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. कंत्राटदारांना फोनवर मी हेच ऐकवलं. ते म्हणाले, काम थांबलं तर मशीनचा खर्च सोसायटीने द्यायचा. कमिटीच्या ग्रुपवर लगेच सुरू झालं, 'एका दिवसाच्या कामाला १८ हजार? करारात नाही.' करारात नव्हतं हे खरंच होतं. आम्ही काँक्रीटच्या वड्यांपर्यंत सगळं लिहिलं होतं आणि जुनी टाकी रिकामी कोण कशी करणार, ही ओळ मी आणि काका दोघंही विसरलो होतो. मी ग्रुपवर लिहिलं, निम्मे मी देते. मग सगळेच गप्प झाले आणि सोसायटीने दिले.

दुसऱ्या दिवशी गाळ ओढून घेणारी गाडी आली. त्यांच्या माणसाने दोरीला बांधून एक छोटं यंत्र टाकीत सोडलं. अर्ध्या खोलीवर ते टीं टीं करून ओरडायला लागलं, आणि थांबेचना. तो पोरगा माझ्या शेजारीच उभा होता. यंत्राकडे बघत होता. काही बोलला नाही. दुपारी मी त्याला घरी जेवायला बोलावलं, तर लाजून आला नाही, डबा खाली नेऊन दिला. गाव झारखंडमध्ये, आई आणि दोन बहिणी, एवढं मुकादमाकडून कळलं.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा पाणी तपासलं. गेटजवळच्या बोअरमध्ये नायट्रेट ३८, क्लोरिननंतर जंतू नाहीत, सॉफ्टनरमुळे साबणाला फेस येतो. मिठाची पोती मात्र आणत राहावी लागतात. मिठाशिवाय ते सॉफ्टनर चालत नाही, आणि ते पाणी झाडांना घालायचं नाही. टाकीजवळच्या बाद बोअरचं नायट्रेट अजून ६६ आहे. काका म्हणतात, कातळात चौदा वर्षं मुरलेलं काही महिन्यांत धुऊन निघत नाही. तो बोअर दर तीन महिन्यांनी तपासायचा, एवढंच. फ्लशच्या पाण्याला पावसाळी दिवसांत किंचित वास येतो, त्याच्या तक्रारी माझ्याकडेच येतात. रात्री ब्लोअर बंद पडला तर मला झोपेतही कळतं.

त्याच वेळी मी वस्तीतल्या हातपंपाचं पाणीही बाटलीत भरून दिलं होतं. त्यात ई. कोलाय आहेच. आमचा मैला नाल्यात जायचा थांबला, पण वरच्या बाजूला आणखी पाच सोसायट्या आहेत आणि प्रत्येकीच्या पार्किंगखाली तशीच एक टाकी आहे. बचत गटातल्या बायकांना मी तो अहवाल वाचून दाखवला. हातपंपाला आता लाल रंग दिलाय, पिण्याचं पाणी लांबच्या नळावरून आणतात, म्हणजे आणखी एक हेलपाटा त्यांच्याच डोक्यावर.

त्या पाचांपैकी एका सोसायटीतल्या तिघी जणी येत्या शनिवारी चार वाजता केंद्र बघायला येणार आहेत. वहीच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात, आणि जुनी टाकी रिकामी करण्याची ओळ पहिल्याच पानावर लाल शाईने घातलीय. चपला नकोत, बूट घालून या, असं फोनवर सांगितलंय.